शाळेचा मेल स्पॅममध्ये का जातो?

जठारपेठेतल्या आमच्या शाळेनं नवं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातलं शाळेचं नाव, घेतलं. त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीची सूचना सगळ्या पालकांना एकदम पाठवली. बऱ्याच जणांना ती सापडली स्पॅममध्ये, तेही मुदत संपल्यावर!

मोहल्ल्यात नवा भाडेकरू आला तर किराणावाला लगेच उधार देतो का? जीमेलचंही तसंच. फसवणारे लोक स्वस्तात डोमेन घेतात, थोड्या दिवसांत ढिगानं मेल सोडतात आणि नाव बदनाम झालं की दुसरं घेतात. म्हणून ओळख नसलेल्या नावावर संशय येतो. पहिल्याच दिवशी शेकडो मेल गेले तर जास्तच.

उपाय काय? डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ (कोणत्या सर्व्हरला परवानगी) आणि डीकेआयएम (डिजिटल सही) लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला यातलं किमान एक लागतंच. सुरुवातीला थोडेच मेल पाठवा, हळूहळू वाढवा.

पालकांनी शाळेचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये ठेवावा, स्पॅम अधूनमधून बघावं. मेल खरा असेल तर ‘स्पॅम नाही’ दाबावं. शंका आली तर लिंक उघडू नका, आधी शाळेत फोन करा. आम्ही आता मेलसोबत मुलांच्या डायरीतही सूचना लिहून देतो.