गर्जनेचे घर : शिकागो स्टेडियम

शिकागोच्या वेस्ट मॅडिसन रस्त्यावर २८ मार्च १९२९ रोजी शिकागो स्टेडियम उघडले. मुष्टियुद्धांचे आयोजक पॅडी हार्मन यांनी आपली कमाई त्यात ओतली होती. काही महिन्यांतच शेअर बाजार कोसळला, हार्मन यांच्या हातून कारभार गेला आणि १९३० मध्ये ते मोटार अपघातात वारले. वास्तू मात्र पासष्ट वर्षे गाजली. तिथे जे घडले त्यात प्रेक्षकांच्या आवाजाचा मोठा वाटा होता, आणि म्हणूनच तिचा इतिहास केवळ खेळाच्या पानांत मावत नाही.

तिचे सज्जे उभ्या चढणीचे, मैदानावर जणू ओणवलेले. छताखाली आवाज कोंडून राही. त्यात भर म्हणून बार्टन कंपनीचा सहा कीबोर्डांचा अजस्र ऑर्गन होता. त्याच्या नळ्या साडेतीन हजारांहून अधिक. आइस हॉकीचे खेळाडू तळघरातून जिना चढून बर्फावर येत, तेव्हा पाहुण्या संघाच्या अंगावर आधी ही गर्जना येई.

१९३२ साली अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या राजकीय पक्षांची, राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी अधिवेशने इथेच भरली. उमेदवाराने अधिवेशनात स्वतः येऊन उमेदवारी स्वीकारण्याची तोवर प्रथा नव्हती. फ्रँकलिन रूझवेल्ट २ जुलैला ऑल्बनीहून विमानाने आले आणि याच व्यासपीठावरून त्यांनी ‘न्यू डील’चे वचन दिले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला बाहेर कडाक्याची थंडी नि बर्फ असल्यामुळे शिकागो बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा निर्णायक सामना छताखाली आणावा लागला. सर्कस नुकतीच होऊन गेली होती, तिची माती जमिनीवर होतीच. मैदान जेमतेम ८० यार्डांचे. कडेच्या फळ्यांपाशी अडकलेला चेंडू आत आणून खेळ सुरू करायची सोय केली गेली. बेअर्सच्या ब्रॉन्को नागुर्स्कीने रेड ग्रेंजकडे फेकलेल्या पासवरून वाद झाला, तरी बेअर्स ९-० असे जिंकले. पुढच्याच वर्षी या खेळाच्या लीगने पासचा नियम सैल केला, चेंडू आत आणण्याच्या खुणा ठरवल्या आणि दोन गटविजेत्यांचा अंतिम सामना दरवर्षी घेण्याचे ठरवले. एका तात्पुरत्या तडजोडीने अख्ख्या खेळाला वळण दिले!

रूझवेल्ट यांच्या पक्षाच्या १९४० च्या अधिवेशनात त्यांना तिसऱ्यांदा उमेदवारी हवी की नको, हे गुलदस्त्यात होते. तेवढ्यात ध्वनिवर्धकांतून ‘आम्हाला रूझवेल्ट हवेत’ असा घोष सुरू झाला. तळघरातून ओरडत होते शहराच्या गटारखात्याचे प्रमुख थॉमस गॅरी. चार वर्षांनी याच सभागृहात तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांच्या समर्थकांनी असा गजर केला की अधिवेशनाच्या अध्यक्षांनी त्या रात्रीचे कामकाजच तहकूब केले. दुसऱ्या दिवशी उपाध्यक्षपदाची उमेदवारी हॅरी ट्रुमन यांना मिळाली. नऊ महिन्यांत ते राष्ट्राध्यक्ष झाले. ती रात्र तहकूब झाली नसती तर जगाचा इतिहास वेगळा असता, असे मला मनापासून वाटते.

इथेच १९५१ साली मुष्टियुद्धात शुगर रे रॉबिन्सनने जेक लामोटाला हरवले, सत्तरच्या दशकात एल्व्हिस प्रेस्ली गायला, आणि १९९२ मध्ये मायकेल जॉर्डनच्या बुल्स या बास्केटबॉल संघाने घरच्या प्रेक्षकांसमोर विजेतेपद जिंकले.

मग हे स्टेडियम का पाडले? इमारत जुनी झाली होती हे खरे. पण खरी निकड खासगी कक्षांची होती. कंपन्या वर्षभराचे भाडे भरून असे कक्ष घेतात, त्यावर क्लबांचे उत्पन्न उभे राहते, आणि जुन्या सज्ज्यांत त्यांना जागा नव्हती. रस्त्यापलीकडे १९९४ मध्ये युनायटेड सेंटर उघडले; त्यात तेव्हा असे दोनशेहून अधिक कक्ष होते. सप्टेंबरमधल्या शेवटच्या धर्मादाय सामन्यात जॉर्डनने ५२ गुण केले आणि गुडघे टेकून जमिनीचे चुंबन घेतले. १९९५ मध्ये पाडकाम झाले आणि तिथे वाहनतळ आला. ऑर्गनच्या नळ्याही पुढे फिनिक्समधल्या आगीत जळाल्या.

नव्या इमारतीत सोयी अधिक आहेत, पण साधे तिकीट काढणारा माणूस खेळापासून दूर, वर ढकलला गेला. माझ्या मते हा सौदा शहराला महाग पडला.