भिंतीवरील बिऱ्हाडकरू

दिवाळीच्या साफसफाईंत कपाटामागून कोळी बाहेर पडला कीं घरांत एकच आरडाओरड होते, आणि केरसुणीच्या एका तडाख्यानें त्याचा निकाल लागतो. परंतु ज्याचा आपण वध करतों तो कोण, एवढें तरी जाणून घेणें सुज्ञ गृहिणीस उचित आहे.

कोळी हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात, कोळ्यास आठ. आपल्या घरांत तीन प्रकार विशेष आढळतात. कोपऱ्यांत विस्कळित जाळें विणून उलटा लोंबणारा, सुतासारख्या पायांचा, तो पहिला. धक्का लागतांच तो जाळ्यासह थरथरूं लागतो. दुसरा मोठ्या डोळ्यांचा, खिडकीवर उड्या घेऊन माशा टिपणारा. तिसरा पाय पसरले असतां तळहाताएवढा भरणारा, चपटा व करडा. हा जाळें विणीत नाहीं. रात्रीं झुरळांची शिकार करतो. बहुतेक सर्व कोळ्यांस विष असतें, पण तें भक्ष्यापुरतें. दाबला गेल्यास मोठा कोळी चावतो व कांहीं वेळ आग होते, इतकेंच.

विषारी जाती निराळ्या. काळ्या अंगावर तांबडा पट्टा मिरविणारी एक जात भारतांत आढळते. सह्याद्रीच्या रानांतील झाडांच्या ढोल्यांत मोठा केसाळ कोळी राहतो. त्यांच्या दंशानें तीव्र वेदना होतात, पेटके येतात. अशा वेळीं जागा साबणानें धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी व वैद्यकीय साहाय्य घ्यावें.

सुश्रुतानें कल्पस्थानांत लूतांचे सोळा प्रकार वर्णिले आहेत. तेव्हां ही भीति जुनी आहे. तथापि अंगावर एका बाजूस पट्ट्यानें फोड उठले कीं "कोळी फिरला" असें म्हणून लेप लावीत बसणें घातक होय. ती बहुधा नागीण असते. कांजिण्यांचेंच विषाणु शरीरांत सुप्त राहून वर्षांनंतर पुन्हां जागृत होतात. तिजवरील औषध पहिल्या 72 तासांच्या आंत सुरू झाल्यास विशेष गुणकारी ठरतें; कोळ्याला दोष देण्यांत तेच मोलाचे तास निघून जातात.

बंदोबस्त सोपा आहे. जाळीं अंड्यांच्या पिशव्यांसह आठवड्यास झाडावीं, भिंतीच्या फटी बुजवाव्या, अडगळ कमी करावी, पायतण झटकून घालावें. रात्रीं दिवे उगाच जळत ठेवूं नयेत. किडे कमी झाले कीं त्यांवर जगणारा कोळीहि कमी होतो. मोठा कोळी दिसल्यास त्यावर पेला पालथा घालून खालून जाड कागद सरकवावा आणि त्याला अंगणांत सोडून द्यावें. झुरळें मारणाऱ्या ह्या बिऱ्हाडकरूस एवढी सभ्यता दाखविण्यास हरकत नाहीं.