प्रकाशाची तार घरात घेताना

व्यापारी घराण्यांत एके काळी पेढी आणि घर यांच्यामध्ये फार तर एका जिन्याचे अंतर असे. खाली गादी, वर बिऱ्हाड. पुढे पेढी बाजारात राहिली आणि घर नव्या वसाहतीत गेले. आता हिशेब पुन्हा घरी परतला आहे, पण चोपड्यातून नव्हे, इंटरनेटच्या वाटेने. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यास विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत आणि करभरण्याचे जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत दाखल करावे लागते. ते चुकल्यास एरवी दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि थकीत करावर सालिना १८ टक्के व्याज लागते. अशा घरात २० तारखेच्या संध्याकाळी इंटरनेट बंद पडणे ही केवळ मुलांच्या करमणुकीची अडचण उरत नाही. म्हणून माल खरेदी करताना आपण जी चिकित्सा करतो, तीच फायबर ब्रॉडबँडची जोडणी घेतानाही केली पाहिजे.

ही तार तांब्याची नाही, काचेची आहे. आवरणासह त्या तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. आणि प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो जेमतेम नऊ मायक्रॉनांचा. काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेण्याविषयीचे संशोधन पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. काच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यातून दूरवर संदेश धाडता येतील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले. त्या कार्याला २००९ चे नोबेल पारितोषिक लाभले.

काचेच्या या गुणातच एक उणीव दडलेली आहे. जुन्या दूरध्वनीला तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजचीच वीज मिळे. त्यामुळे घरातील दिवे गेले तरी फोन चालू राही. काच वीज वाहून नेत नाही. घरातील यंत्र, ज्याला आपण सरसकट मोडेम किंवा राउटर म्हणतो, ते घरच्या विजेवरच चालते. वीज गेली की प्रकाश दारापर्यंत येऊन थांबतो. यावर उपाय स्वस्त आहे. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. यंत्राच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून तो घ्यावा. घरात इन्व्हर्टर असल्यास राउटरचा सॉकेट त्यावर घेतला आहे ना, हे जोडणीच्या दिवशीच पाहावे. इमारतीत कंपनीचे विजेवर चालणारे आणखी एखादे यंत्र आहे काय, हेही विचारून घ्यावे. ते असेल, तर केवळ घरच्या यूपीएसने भागणार नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. तंत्रज्ञ घाईत असतो. दाराजवळ जिथे सॉकेट दिसेल तिथे पेटी ठोकून तो मोकळा होतो. मग आतल्या खोलीत हिशेबाला बसणाऱ्याची वर्षानुवर्षे अडचण होते. काँक्रीटची भिंत, लोखंडी कपाट, तिजोरी, आरसा हे वायफायच्या लहरींना अडवतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर दूर पोहोचते, पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीपाशी लवकर थकणारी. म्हणून यंत्र घराच्या मध्यभागी, मोकळ्यावर आणि थोडे उंचावर असावे. तार कोपऱ्यात काटकोनात वाकवू नये, खिळ्याखाली दाबू नये. काच तुटली नाही तरी तीव्र वळणावर प्रकाश बाहेर झिरपतो. भिंतीतील छिद्र बाहेरच्या बाजूस उतरते असावे आणि आत शिरण्यापूर्वी तारेला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेबरोबर घरात येत नाही. मुलांना एक गोष्ट निक्षून सांगावी: तारेच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

तिसरी बाब मापाची. वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचे आकारमान मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. तेव्हा १०० एमबीपीएसचा वेग म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. वजनकाट्यावर नजर ठेवणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या योजनेतही ठरावीक वापरानंतर वेग उतरतो का, हे लेखी पाहावे. अपलोडचा वेग वेगळा विचारावा. वखारीतील कॅमेरा घरी बसून पाहायचा, तर वखारीच्या जोडणीचा अपलोड कामी येतो.

चौथी बाब नावाची. शुल्कावर १८ टक्के जीएसटी असतो. जोडणी व्यवसायासाठी वापरत असल्यास ती पेढीच्या नावे आणि जीएसटी क्रमांकासह घेता येईल काय, आणि किती भागाची वजावट मिळेल, हे करसल्लागाराला आधीच विचारावे. जोडणी कुणाच्याही नावे असो, तिच्यावरून काही गैर घडले तर पहिली विचारणा त्या नावाकडेच होते. म्हणून मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा आणि पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क ठेवावे.

सेवा बिघडली तर तोंडी सांगून थांबू नये. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागावा. त्या पातळीवर समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. तिथे तक्रारीचा तो क्रमांकच आपला पुरावा ठरतो.

जोडणी झाल्यावर चोपड्यातील एक पान या कामी राखावे: ग्राहक क्रमांक, योजनेचे नाव, अनामत, भाड्याच्या यंत्राची पावती, जोडणीची तारीख आणि प्रत्येक तक्रारीचा क्रमांक. पासवर्ड मात्र त्या पानावर लिहू नये. ते पान कुठे आहे, हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे, म्हणजे कर्ता पुरुष परगावी असला तरी २० तारखेचे काम अडणार नाही.