शाळेची घंटा आणि देशाचं पोलाद

मुलांनो, आमच्या शाळेच्या पडवीत रुळाचा एक हातभर तुकडा टांगलेला आहे. तीच आमची घंटा! लोखंडी दांड्याचा टोला पडला, की आवाज पार खालच्या वाडीपर्यंत जातो. मागच्या पावसाळ्यात चौथीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, हा रूळ बनला कुठे?" रुळाच्या अंगावरची अक्षरं गंजून गेलेली. मला काही उत्तर देता आलं नाही. मग पुस्तकं काढून वाचायला बसले, आणि त्या तुकड्यातून देशाचीच गोष्ट निघाली.

आधी एक छोटंसं गणित करू. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलो वजनाचे रूळ घालतात. मार्गाला रूळ दोन. म्हणजे एका किलोमीटरला १२० टन झाले. कोकण रेल्वेचा मार्ग ७४१ किलोमीटरचा. करा गुणाकार! जवळजवळ ८९ हजार टन पोलाद, आणि तेही नुसत्या रुळांचं. पूल, डबे, इंजिनं तर वेगळीच.

एवढं पोलाद पूर्वी आपल्याकडे बनतच नव्हतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, तेव्हा रूळ विलायतेहून बोटीनं आले होते.

नागपूरचा नकाशा

आपल्या देशात पोलादाचा कारखाना असावा, हा ध्यास जमशेटजी टाटांनी घेतला. १८८२ साली त्यांच्या वाचनात एक अहवाल आला होता. त्यात चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपुराकडच्या, लोहारा गावाजवळच्या लोहखनिजाची माहिती होती. पण नुसतं खनिज असून भागत नाही. झोतभट्टीत खनिजाबरोबर कोक आणि चुनखडीही लागते. कोक म्हणजे खास प्रकारचा दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन. जवळचा कोळसा त्या कामाचा नव्हता, म्हणून लोहाऱ्याचा बेत सोडून द्यावा लागला.

पुढे जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी नागपूरला एका अधिकाऱ्याला भेटायला गेले होते. अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवर भूगर्भाचा नकाशा होता, आणि दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची खूण होती. शोध घेतला तर डल्ली-राजहराचे डोंगर जणू लोखंडाचेच निघाले! पण तिथेही कोळसा आणि पाणी दूर. अखेर भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजची वाट दाखवली. १९०७ मध्ये कंपनी उभी राहिली, आणि १९१२ साली साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पहिलं पोलाद ओतलं गेलं. जमशेटजी मात्र १९०४ मध्येच गेले होते.

डल्ली-राजहराचं खनिज वाया गेलं नाही बरं का! १९५९ साली रशियाच्या मदतीनं भिलाईचा सरकारी कारखाना सुरू झाला, तो याच डोंगरांच्या जोरावर. देशातल्या रेल्वेचे बहुतेक रूळ भिलाईलाच बनत आले आहेत. आमच्या घंटेचं माहेरही बहुधा तेच असावं.

माती विकायची, की भांडं?

आपल्या शेजारी गोव्यात वेगळंच चाललं होतं. तिथल्या खाणींतलं खनिज मांडवी-जुवारीच्या पात्रांतून बार्जेसनी मुरगावला जायचं, आणि तिथून बोटीनं आधी जपानला, पुढे चीनलाही. सिंधुदुर्गातल्या रेडीहूनही खनिज बाहेर गेलं. कुंभारानं माती विकावी आणि मडकं दुसऱ्याकडून विकत आणावं, तसंच हे! मातीपेक्षा मडक्याला भाव जास्त, आणि घडवण्याच्या कामात रोजगारही जास्त. शिवाय खाणींनी शेतं आणि पाणी बिघडलं, ते वेगळंच. बेकायदा खाणकामाचा प्रश्न इतका वाढला, की २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातलं खाणकाम थांबवलं.

आता आपल्याच जिल्ह्यातलं जयगड बघा. मोठ्या जहाजांनी कोळसा आणि खनिज जयगड बंदरात उतरतं. तिथून लहान जहाजांनी धरमतरच्या खाडीतून रायगड जिल्ह्यातल्या डोलवीच्या कारखान्यात जातं. चिपळूणहून एस.टी.नं मुंबईला जाताना वडखळच्या आसपास दिसतो, तोच हा कारखाना. म्हणजे कोकणच्याच किनाऱ्यावर आता 'माती' येते आणि 'भांडं' होऊन बाहेर पडते.

आकडे काय सांगतात?

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला जेमतेम दहा-बारा लाख टन पोलाद बनायचं. १९९१ मध्ये ते सुमारे १ कोटी ७० लाख टन झालं. त्याच सुमारास सरकारनं परवाने आणि किमतींवरची बंधनं सैल केली, खासगी कारखाने वाढले. २०१८ साली भारतानं जपानला मागे टाकून जगात दुसरा नंबर मिळवला. २०२४ मध्ये आपण सुमारे १५ कोटी टन पोलाद बनवलं. ज्या जपानला आपण खनिज विकत होतो, त्याच जपानच्या पुढे गेलो!

पण लगेच हुरळून जायला नको. पहिला नंबर चीनचा, आणि तो वर्षाला सुमारे १०० कोटी टन बनवतो. तिथे घरं बांधणं मंदावलं, तसा तिथला उरलेला माल स्वस्तात जगभर जाऊ लागला. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत भारतानं जेवढं तयार पोलाद बाहेर विकलं, त्याहून जास्त बाहेरून आणलं. म्हणून एप्रिल २०२५ मध्ये सरकारनं काही प्रकारच्या आयात पोलादावर १२ टक्के तात्पुरता जादा कर लावला.

हे बरोबर की चूक? आमच्या वर्गात यावर चांगलंच भांडण झालं. एक गट म्हणाला, "कर नसेल तर आपले कारखाने बंद पडतील, कामगारांनी काय करायचं?" दुसऱ्या गटातल्या एका मुलीच्या वडिलांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ती म्हणाली, "पत्रा महाग झाला, तर आमच्या बाबांच्या ग्रिलला गिऱ्हाईक कुठून येणार?" खरं सांगू? दोघांचंही म्हणणं खोटं नाही. देशाला हे दोन्ही संसार सांभाळायचे असतात.

आणखी एक अडचण आहे. खनिज आपल्याकडे भरपूर, पण कोकसाठी लागणारा चांगला कोळसा बहुतेक बाहेरूनच येतो, त्यातला बराचसा ऑस्ट्रेलियातून. लोहाऱ्याला जमशेटजींना अडवणारा कोळसा आजही आपला पिच्छा सोडत नाही! शिवाय भारतात माणशी वर्षाला सुमारे १०० किलो पोलाद वापरलं जातं, आणि जगाची सरासरी २०० किलोच्या वर आहे. म्हणजे आपले पूल, शाळा, दवाखाने अजून पुष्कळ बांधायचे राहिलेत.

पुढच्या वेळी चिपळूण स्टेशनवर गेलात, की फलाटावरूनच रुळाकडे नीट बघा. खाली उतरायचं नाही हं! त्याच्या अंगावर बनवणाऱ्याची खूण आणि साल उमटवलेलं असतं. दिसलं तर वहीत लिहून ठेवा. आणि घरी आईबाबांना विचारा: आपल्या घरातलं लोखंड कुठून आलं असेल?