बांबूचं पेर आणि वाड्याचा सोपा

३१ मार्च २००२ रोजी तैवानला भूकंपाचा मोठा धक्का बसला, तेव्हा ‘तैपेई १०१’चं काम अर्धवट होतं. वरच्या क्रेन कोसळून पाच जणांचा जीव गेला. इमारतीचा सांगाडा मात्र शाबूत राहिला. २००४ मध्ये पूर्ण झालेली ही ५०८ मीटरची इमारत पुढे काही वर्षं जगातली सर्वांत उंच इमारत होती.

वास्तुरचनाकार सी. वाय. ली यांनी तिला बांबूचं रूप दिलं. आठ मजल्यांचं एक पेर, अशी आठ पेरं. चिनी लोकांत आठचा आकडा भरभराटीचा मानतात. मधला गाभा आणि बाहेरचे अजस्र खांब एकमेकांना जखडणाऱ्या पोलादी कैच्याही साधारण याच आठ मजल्यांच्या हिशेबाने बसवल्या आहेत. शुभ आकडा इथे भार पेलायच्या कामाला लागला आहे.

वाऱ्याचा त्रास वेगळा. उंच इमारतीच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि ती आडवी डोलू लागते. नेमक्या वेळी हात लावत राहिलं की झोपाळा चढत जातो. भोवऱ्यांची लय इमारतीच्या लयीशी जुळली की तसंच होतं. तैपेईत चारही कोपरे पायऱ्यांसारखे आत कापले, तेवढ्याने वाऱ्याचा जोर सुमारे पाव भागाने घटला. वरच्या मजल्यांत ६६० टनांचा पोलादी गोळा दोरखंडांवर टांगला आहे. इमारत एकीकडे झुकली की तो मागे राहतो आणि तिची हालचाल जिरवतो. ऑगस्ट २०१५ च्या वादळात हा गोळा मीटरभर हलला होता.

रूप आणि मजबुती यांचा असा मेळ मुंबईतही बसला आहे. चार्ल्स कोरिया यांची कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ १९८३ मध्ये पूर्ण झाली. २१ मीटर बाजूचा चौकोन, ८४ मीटर उंची. मधला काँक्रीटचा गाभा आडवे धक्के घेतो आणि कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्च्या खोल कापल्या आहेत. समुद्राच्या वाऱ्यासाठी घरं पूर्व-पश्चिम उघडी ठेवली, पण ऊन आणि पावसाची झड या गच्च्यांवरच अडते. जुन्या बंगल्याचा व्हरांडा इथे आकाशात चढला आहे. अलीकडच्या काचेच्या मनोऱ्यांपेक्षा ही इमारत आपल्या हवेला कितीतरी जास्त ओळखते.

आपल्या भागाला भूकंपाने धडा दिला तो मात्र बुटक्या घरांतून. अनंत चतुर्दशीची रात्र सरताना, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरलं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्यापासून ते शंभरेक किलोमीटरच. भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या, दोन थरांत भर घातलेल्या. वर मातीचं जड माळवद. वजन जितकं जास्त, तितका भूकंपाचा जोर जास्त. थर एकमेकांपासून सुटले, भिंती फुगून पडल्या आणि झोपेतली हजारो माणसं गाडली गेली. लाकडी खांब-तुळयांचे सांगाडे मात्र कित्येक ठिकाणी उभेच होते.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं मजबूत झाली, पण आखणी चौकटीची, सरळ रस्त्यांची. वाड्याचा चौक, सोपा, गोठा आणि शेजाऱ्याला लागून असलेली भिंत हरवली. लोकांनी पुढे स्वतःच पत्र्याची शेडं आणि आडोसे उभे केले. गाव कसं जगतं हे आखणाऱ्यांनी आधी विचारायला हवं होतं.

माढ्यासारख्या तालुक्याच्या गावांत आता माळवदांच्या जागी काँक्रीटच्या इमारती येताहेत: खाली दुकानगाळे, वर भिंतींनी भरलेले मजले. यात खालचा मजला लुळा राहतो. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच मोकळ्या तळमजल्यांच्या इमारती बसल्या. उपाय जगावेगळा नाही. पायापासून वरपर्यंत काही भिंती काँक्रीटच्या आणि सलग घ्याव्यात, खांबांच्या दोन्ही टोकांशी रिंगा दाट बांधाव्यात आणि रिंगांची टोकं गाभ्यात वळवावीत. या सलग भिंती मधल्या जिन्याभोवती आणि दोन्ही बाजूंना समतोल घेतल्या, तर इमारत पिळवटत नाही आणि दर्शनी भागही मोकळा राहतो; तिथे गाळ्यांपुढे सोपा काढता येतो आणि वर प्रत्येक घराला उन्हाळ्यात झोपण्याजोगी गच्ची देता येते. एवढं नकाशावरच ठरवावं लागतं. स्लॅब ओतल्यावर ते जमत नाही.