पाया नाही, तरी भिंत उभी!

दादरच्या शिवाजी मंदिरात रविवारी बऱ्याचदा सकाळी एक नाटक, दुपारी दुसरं आणि रात्री तिसरंच असतं. सकाळी जिथे झकास बंगला होता, तिथे दुपारी चाळीतली खोली! मधल्या वेळात गवंडी येऊन जातात की काय?

येतात ती बॅकस्टेजची माणसं. त्यांच्याकडे विटा नसतात, फ्लॅट असतात. हे फ्लॅट राहायचे नव्हेत बरं का! लाकडी चौकटीवर कापड किंवा पातळ प्लाय ठोकून रंगवलेली भिंत म्हणजे फ्लॅट. समोरून भक्कम दगडी वाडा, मागे जाऊन पाहाल तर नुसत्या पट्ट्या. प्रयोग संपला की अख्खं घर सुटं करून टेम्पोत भरायचं आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात नाहीतर सावंतवाडीत पुन्हा उभं करायचं. त्यात प्रत्येक रंगमंचाचं माप वेगळं. गिरगावच्या साहित्य संघात चपखल बसलेलं घर दुसरीकडे मावेलच असं नाही. मग एखादा फ्लॅट गाळायचा, म्हणजे घराची एक खिडकी त्या दिवशी सुट्टीवर!

पण पाया नसलेली भिंत पडत कशी नाही? एक पातळ वही मिटून टेबलावर उभी करा. पडली ना? आता तीच थोडी उघडून उभी करा. राहिली! मिटलेल्या वहीला टेकायला चिंचोळी जागा मिळते. ती जरा कलली की तिचा भार त्या जागेबाहेर जातो आणि धप्प! उघडल्यावर ती जागा रुंद होते. म्हणूनच दोन फ्लॅट कोपऱ्यात काटकोनात जोडतात. एकट्या फ्लॅटला मागून तिरका टेकू देतात आणि टेकूच्या पायाशी वजन ठेवतात. भिंत, जमीन आणि टेकू यांचा त्रिकोण झाला. चार पट्ट्यांचा चौकोन दाबला तर तिरपा होतो. त्रिकोण मात्र पट्टी मोडल्याशिवाय आकार सोडत नाही. तरीही चिडलेल्या नटाने दार आपटलं की भिंत हळूच थरथरते. ती थरथर पकडायला मला फार आवडतं.

आता खरी करामत ऐका. 1962 साली आचार्य अत्रे यांचं ‘तो मी नव्हेच’ आलं. मो. ग. रांगणेकरांनी ते चक्क फिरत्या रंगमंचावर बसवलं, आणि प्रभाकर पणशीकर त्यात एकाच भामट्याच्या पाच रूपांत दिसले. खटला चालतो कोर्टात, पण साक्षी सांगतात वेगवेगळ्या गावांतल्या हकिगती. दरवेळी सामान हलवत बसलं तर प्रेक्षक जांभया देतील. मंच गोल फिरला की पाठीमागे तयार असलेला देखावा आपोआप पुढे! ही युक्ती जपानची. 1758 साली ओसाका शहरात नामिकी शोझो यांनी काबुकी नाटकासाठी मोठा फिरता मंच केला होता. आपल्याकडच्या बहुतेक नाट्यगृहांत असा मंच नसतो, म्हणजे दौऱ्यावर तोही सुटा करून न्यायचा.

एवढं ओझं फिरतं कसं? मंचाखाली चाकं असतात. घसटत नेण्यापेक्षा गडगडत नेताना घर्षण कितीतरी कमी होतं. आणि ढकलायचं ते कडेला, मध्याजवळ नाही. घरातलं दार एकदा बिजागरीजवळ ढकलून बघा आणि एकदा कडीजवळ. कुठे कमी जोर लागला?

आता ब्लॅकआऊट. काळ्याकुट्ट अंधारात नट सोफ्याला न धडकता बरोब्बर जागेवर कसा पोहोचतो? जमिनीवर अंधारात चमकणाऱ्या पट्टीचे बारीक तुकडे चिकटवलेले असतात. ही पट्टी उजेड पिऊन घेते आणि दिवे गेल्यावर सावकाश बाहेर सोडते. पण आधी उजेड मिळाला असेल तरच! ज्या पट्टीवर टेबलाची सावली पडलेली असते, ती उपाशीच राहते. म्हणून पडदा उघडण्याआधी कुणीतरी टॉर्च घेऊन वाकतं आणि अशा एकेका तुकड्याला उजेड पाजून येतं.