त्याचंही नाव यादीत हवं

मतदार यादीचं काम करणारे गुरुजी दारात येतात. घरातले वडीलधारे भराभर नावं सांगतात आणि एका नावाशी अडखळतात. "धाकट्याचं राहू द्या, त्याला डोक्याची औषधं चालू आहेत." झालं, नाव राहून जातं!

कायदा मात्र असं सांगत नाही. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एखादी व्यक्ती मनोविकल आहे असं सक्षम न्यायालयानं जाहीर केलं, तरच या कारणानं तिचं नाव वगळता येतं. डॉक्टरांची चिठ्ठी त्याला पुरत नाही, घरच्यांचं मत तर नाहीच. केवळ मानसिक आजार आहे म्हणून कुणाला मनोविकल मानू नये, असं २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही स्पष्ट म्हटलं आहे. चेन्नईच्या सरकारी मनोरुग्णालयात तर २०१९च्या लोकसभा निवडणुकीत आवारातच मतदान केंद्र होतं आणि तिथल्या रुग्णांनी मत दिलं.

तेव्हा नाव नसेल तर नमुना ६चा अर्ज भरावा. गर्दीनं जीव घाबरत असेल, तर सकाळी लवकर न्यावं. मतदान यंत्र कसं असतं, बटण कसं दाबायचं, हे आधी घरीच समजावून द्यावं. कोणतं बटण दाबायचं, ते मात्र त्याचं त्याला ठरवू द्यावं. आणि परत आल्यावर विचारूही नये.